सही करण्याआधी

नालासोपारा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास. आपटलास म्हणत नाही, हल्लीचे फोन आपटता येत नाहीत. पण माझं वाक्य अर्धं होतं. त्यानंतर मी फोन केला नाही आणि तूही केला नाहीस. म्हणून कागदावर लिहितोय. चिमी फोटो काढून पाठवेल. तिला सांगितलंय, वाचायचं नाही. ती वाचणारच.

हॉटेलमालकाने बुडवलेल्या पगाराच्या त्या तक्रारीवर सही केलीस का? एवढंच कळव. बाकी सगळं नंतर.

"चार पैसे कमी मिळाले तर मरणार आहेस का," असं मी म्हणालो. ते शब्द मागे घेतो. तुझी आई तेव्हापासून माझ्यापुढे चहा नुसता ठेवते, बोलत नाही. नंतर मी हिशेब मांडला. कंडक्टरकी केली आहे, आकडे जुळल्याशिवाय झोप येत नाही. न्यूयॉर्कचं किमान वेतन यंदा तासाला १६.५० डॉलर. आठवड्याचे ४० तास झाले की पुढच्या प्रत्येक तासाला दीडपट, म्हणजे २४.७५. तू साठ तास भट्टीपुढे उभा राहतोस आणि हातात चाळिसाचेच येतात. आठवड्याला ४९५ डॉलर बुडाले. सात आठवड्यांचे ३४६५. आपल्या पतपेढीचे किती हप्ते होतात ते मी लिहीत नाही, तुला पाठ आहे. पैसे कमी नाहीत, तू बरोबर आहेस. वर ग्राहकांनी ठेवलेल्या टिपमध्येही मालक हात घालतो म्हणालास. आमच्याकडे कंडक्टरच्या बॅगेत दोन रुपये कमी भरले तरी जाब द्यावा लागायचा, आणि इथे मालकच!

तरी विचारतो, सही तूच का करायची? तक्रार करणाऱ्या चौघांत तू सगळ्यात नवा. तो मेक्सिकोतल्या पुएब्लाचा भांडीवाला सतरा वर्षं त्या शहरात आहे, बांगलादेशातल्या सिल्हेटचा तंदूरवाला दहा वर्षं. त्यांना तिथले रस्ते माहीत आहेत. तू एका वर्षाच्या ट्रेनी व्हिसावर. उद्या वर कुणी कळवलं, तुमचा ट्रेनिंगचा कार्यक्रम रद्द झाला, की बॅग भरायची आणि विमानात बसायचं. कामगार खातं कागदपत्रं विचारत नाही, व्हिसा कुठलाही असो पगाराचा कायदा सारखाच, व्हिसाची धमकी देणं हाच तिथे गुन्हा आहे, हे तू मला दोनदा सांगितलंस. ऐकलं मी. पण कायदा पुस्तकात असतो आणि मालक समोर उभा असतो.

बघ, झालं सुरू माझं. भाषण द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर.

तू पाठवलेला तो फोटो मी रोज बघतो. वॉशिंग्टन स्क्वेअरजवळची ती दहा मजली इमारत आणि तिच्यावरची नावं कोरलेली पोलादी पट्टी. मला आधी वाटलं कॉलेजच आहे. चिमीने वाचून दाखवलं. २५ मार्च १९११, ब्लाऊज शिवायचा कारखाना, १४६ माणसं गेली. बहुतेक इटलीहून आणि रशियाकडून आलेल्या ज्यू पोरी, काही तर चौदा वर्षांच्या. एका बाजूचा दरवाजा कुलूपबंद होता, कुणी कापड चोरून नेऊ नये म्हणून, सुटताना सगळ्यांची झडती एकाच दारात घेता यावी म्हणून. दोनच वर्षं आधी, १९०९ मध्ये, याच पोरींनी संप केला होता. मालकाने युनियन मानली नाही. झडती हा शब्द ऐकला आणि मला तुझे आजोबा गिरणीच्या गेटवर हात वर करून उभे दिसले. मी डबा घेऊन जायचो तेव्हा बघायचो. झडती झाली की ते सदरा असा खाली ओढायचे, जणू काही झालंच नाही.

तू म्हणालास, जॅक्सन हाइट्सच्या त्या खोलीत हॉलला पडदा लावून तिघं झोपता आणि पडद्याच्या आतल्या जागेचे ८५० डॉलर भरता. आजी असती तर हसली असती. लालबागच्या आमच्या गाळ्यात बावीस जण होते, सगळे संगमेश्वराकडचे. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्या माणसाची वळकटी अजून गरम असायची. आजी सतरा जणांची खाणावळ चालवायची. महिनाअखेरीला कुणाचे पैसे आले नाहीत तरी ताट बंद नाही. मुंबई अशाच माणसांनी उभी केली, आणि तुझं न्यूयॉर्कही तसंच दिसतंय. दर दहांतले जवळपास चार बाहेरच्या देशात जन्मलेले, आणि आता महापौरही युगांडातल्या कंपालात जन्मलेला, ममदानी, निवडून आलाय. भाडेवाढ रोखणार, बस फुकट करणार म्हणतो. मला बसचं विशेष. इथे मे महिन्यात बेस्टचं कमीत कमी भाडं ५ चं १० रुपये झालं, आणि तिथे २.९० डॉलरचं तिकीटच काढून टाकणार! कंडक्टर आधीच नाहीत म्हणा तिकडे. २०२१ मध्ये कर्जात बुडालेले टॅक्सीवाले पालिकेबाहेर पंधरा दिवस उपाशी बसले होते, त्यांच्यात हाही बसला होता असं तू सांगितलंस. त्यांनी कर्ज प्रत्येकी १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत खाली आणून घेतलं. चांगलं झालं. पण ते तिथले झालेले लोक, समीर. तू अजून पाहुणा.

आता जे सांगतो ते तुझ्या आईलाही धड माहीत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभेला जाऊन यायचे आणि रात्री आम्हाला भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवायचे. पहिले सहा महिने मजेत गेले. मग आजीची पातेली विकली. मग पाटल्या. मी चौदा वर्षांचा, नववीत. शाळेची फी तीन महिने थकली होती. गिरणीकडून निरोप आला की येऊन कागदावर सही करा, पुन्हा युनियनच्या नादी लागणार नाही असं लिहून द्या, कामावर घेतो. आजोबा नाही म्हणाले. मी म्हणालो, "तुमच्या डॉक्टरांनी आमचं पोट भरलंय का?" असंच. तुझ्याशी बोललो त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, भोंग्याच्या आधी, ते गेले आणि सही करून आले. कामावर घेतलं. पाच महिने. मग साचेखातंच बंद झालं, आणि सह्या केलेले, न केलेले सगळे सारखेच बाहेर. पण चाळीत आमच्याशी कुणी बोलेना. खाणावळीतली सतरा माणसं एकेक करून दोन झाली. आजोबा गावी निघून गेले ते लग्नाकार्यापुरतेच परत आले. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी दाढी करताना मात्र आरशात बघून म्हणायचे, "ही सुट्टी लोखंड्यांची." १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवार मिळाला, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे. तारीख त्यांना पाठ होती. गिरणी गेल्यावर सगळेच वार सुट्टीचे होते, तरी रविवारीच दाढी.

हे कशासाठी लिहितोय ते मलाही नीट कळत नाही. मी सही करायला लावली तेव्हाही चुकलो, आता करू नकोस म्हणतोय तेव्हाही बहुतेक चुकतोय. भीती मात्र तेव्हाची आणि आताची एकच आहे. रात्री दोनला उठून तुझ्याकडे किती वाजले ते बघतो.

सही केली नसशील तर चार दिवस थांब. थांबायचं म्हणजे घाबरायचं नाही. कुठल्या दिवशी किती वाजता शिरलास, किती वाजता सुटलास ते वहीत लिही, पगाराच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून चिमीला पाठव. सहा वर्षं मागचा पगार मागता येतो म्हणालास ना, मग चार दिवसांनी काही बिघडत नाही. आणि केलीच असशील तर ते तिघं सोबत आहेत ना, एवढं बघ. एकट्याचं नाव वर नको.

तिथे तुला सगळे सॅम म्हणतात, आणि मधल्या नावाचं एक अक्षर उरतं, तेही कधी गाळतात. त्या कागदावर तरी पूर्ण लिही. माझं नाव स्पेलिंगसकट लिही. वर काही विचारपूस झाली तर मलाही कळू दे की माझंही नाव त्यात होतं.

तुझे
बाबा

ता. क. – तळपायाला रात्री खोबरेल लाव आणि ते घसरणारे बूट टाकून दे, नवे घे. पैसे मी पाठवतो. पतपेढीचं मी बघतो. फोन कर. सही केली की नाही ते आईला सांगू नकोस, आधी मला सांग.