चार फंडांत तीच नावं

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली फंडांची यादी रात्री बसून पाहिली. चार कंपन्यांचे चार फंड घेतले म्हणजे पैसे विभागले गेले, असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण चारही लार्ज कॅप आहेत हो! शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानं अशा फंडाला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्यात पहिल्या १०० असलेल्या कंपन्यांतच ठेवावी लागते. म्हणून चारही पत्रकांत वरती एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स. विहीर एक, पोहरे चार. त्यापेक्षा कमी खर्चाचा एकच इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणारा, ठेवा, हिशेब तरी सोपा होईल.

आई, हे वाचून हसू नकोस. तुझ्या सगळ्या एफडी एकाच सहकारी बँकेत आहेत, आणि ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंतच. शेअर म्हटलं की तुला हर्षद मेहता आठवतो, ते ठीक. पण यूटीआयची यूएस-६४ ही फंड योजना आपण सुरक्षित म्हणूनच घेतली होती ना? जुलै २००१ मध्ये यूटीआयनं सहा महिने तिची युनिटं परत घेणंच थांबवलं. तुम्ही दोघं इतकी वर्षं शेअर की एफडी यावर भांडताय, आणि दोघांनीही सगळं एकेका जागीच ठेवलंय.

आता बाबांचा 'थांबलं की मिळतंच' हा मुद्दा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला, ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला आणि पुन्हा २१ हजार दिसायला २०१०ची दिवाळी उजाडली. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन तितकं थांबेल का? जपानचा निक्केई तर १९८९ अखेरचा उच्चांक २०२४च्या फेब्रुवारीत ओलांडू शकला. म्हणून पाच वर्षांत लागेल असं वाटतं ते सगळं बाजाराबाहेर काढू. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत दोघांच्या नावे प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला हातात पडतं. उरलेलं शेअरमध्ये राहू दे, त्यातला थोडा भाग परदेशी बाजाराच्या फंडात. सोनं आईकडे आहेच, ते ती मोडू देणार नाही, तेव्हा तो विषय संपला.

फंड एकदम विकू नका. वर्षावर ठेवलेल्या इक्विटी फंडांच्या नफ्यावर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, वरच्यावर साडेबारा टक्के. थोडे मार्चमध्ये विकू, थोडे एप्रिलमध्ये. आईच्या नावावरची युनिटं तिच्याच पैशांतून घेतलेली असतील, तर त्यांना तिची सूट वेगळी मिळते.

बाबा, शेजारच्या काकांनी तुम्हाला ज्या टिप्सच्या ग्रुपमध्ये घातलंय, त्यातून आजच बाहेर पडा. काकांना राग आला तर माझं नाव सांगा.

दिवाळीला येते तेव्हा सगळे फोलिओ, म्हणजे फंडांची खाती, उघडून बसू. तोवर प्रत्येकात नॉमिनी कोण आहे तेवढं बघून ठेवा. एकात अजून आजीचं नाव आहे.

तुमची,
मनू