भोसरीची केस कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यताप्राप्त संशोधन नियतकालिकांची यादी, म्हणजे ‘केअर लिस्ट’, बंद केली आणि नियतकालिकांचा दर्जा पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपवली. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा झाली ती ‘आता पेपर कुठे चालेल?’ एवढीच. मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात एमबीएच्या मुलांना माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन शिकवते. या विषयाच्या शिक्षकाला बढती नेमकी कोणत्या कामासाठी मिळावी, हे ठरवण्याची वेळ आता आली आहे, असे मला वाटते.

एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१९ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापक व्हायला प्रथम वर्गातली एमबीए किंवा समकक्ष पदवी आणि त्यानंतरचा दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएचडी, किमान आठ वर्षांचा अनुभव आणि मान्य नियतकालिकांतले सहा लेख. म्हणजे आत येताना उद्योगाचा अनुभव मागतात, पण एकदा आत आल्यावर तुम्ही कारखान्याची पायरी चढलात की नाही, हे कुणी विचारत नाही. आमच्या विषयात हे फार नडते.

मागे एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात माझे जाणे-येणे होते. तिथे वाहनांचे बारीक सुटे भाग बनतात. मालकांनी कर्ज काढून ईआरपी, म्हणजे साठ्यापासून हिशेबापर्यंत सगळे एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, बसवली होती, तरी स्टोअरकीपर काका आपली वही सोडायला तयार नव्हते. सुपरवायझर म्हणे, काकांना कॉम्प्युटर नको आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणत, ट्रेनिंग कमी पडले. काकांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्यावर खरे कारण कळले. शॉपमध्ये पार्ट नगावर मोजतात. पार्टवर धातूचा मुलामा देणारा प्लेटिंगवाला मात्र ते किलोवर घेतो आणि किलोवरच परत पाठवतो. मालासोबतच्या चिठ्ठीवर, म्हणजे चलनावर, वजन; सिस्टीममध्ये नग. वजनाचे नग करून घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण त्यासाठी प्रत्येक पार्टचे वजन भरायचे काम कुणाचे, हे ठरलेच नव्हते. त्यामुळे स्क्रीनवर साठा एक आणि रॅकवर दुसराच. ग्राहकाची गाडी माल न्यायला दारात उभी राहिली की सगळे काकांच्या वहीकडे धावत.

हे समजून घेणे, मालकांची परवानगी मिळवणे, आकडे पडताळणे आणि वर्गात शिकवता येईल अशी केस, म्हणजे त्या खऱ्या अडचणीची चर्चेसाठी मांडणी, लिहिणे यात माझे एक अख्खे सेमिस्टर गेले. पण ती केस वर्गात घेतली तेव्हा, ज्याच्या वडिलांचे चाकणला वर्कशॉप आहे असा एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा उठून फळ्याशी आला आणि चलनाचा प्रवास स्वतः काढून दाखवू लागला. “आमच्याकडेपण हेच होतं, मॅडम.” त्या तासाला कुणाच्या हातात मोबाइल नव्हता.

शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मात्र अशा केसला रकानाच नाही. ‘इतर’मध्ये लिहिली, गुण शून्य. त्याच वर्षी एका सहकाऱ्याने पैसे भरून आठवड्याभरात छापून आणलेला लेख मात्र धरला गेला. त्याला मी दोष देत नाही. पगार वेळेवर होत नाही, मुलांच्या फिया थांबत नाहीत, आणि बढती लेखांवरच अडलेली असते. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली होती. हा बाजार किती मोठा आहे ते तेव्हाच दिसले. नव्याने लागलेले तरुण प्राध्यापक हे सगळे पाहतात आणि शहाणपणाने लेखांच्या मागे लागतात. भोसरी अर्ध्या तासावर असताना आमची मुले अमेरिकी कंपन्यांच्या केसेस वाचून परीक्षा देतात, त्याचे कारण हे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्राध्यापक नेमणूक व बढतीच्या नव्या नियमांचा मसुदा आणला. त्यात गुणांच्या बेरजेऐवजी नऊ क्षेत्रे सुचवली असून त्यांपैकी किमान चारांत लक्षणीय काम दाखवायचे आहे. नावीन्यपूर्ण अध्यापन, सल्लागारीचे काम, भारतीय भाषांतून शिकवणे या गोष्टी त्यात आहेत. मला ही दिशा पटते. पण ‘नावीन्यपूर्ण’ म्हणजे काय, हे महाविद्यालयाच्या पातळीवर ठरू लागले की पीपीटीसुद्धा नावीन्यात बसेल, ही भीतीही आहे.

म्हणून विद्यापीठांच्या व्यवस्थापन शाखांना माझी विनंती आहे. दुसऱ्या महाविद्यालयातल्या दोन तज्ज्ञांनी तपासलेली आणि संबंधित कारखान्याने खरी म्हणून मान्य केलेली केस एका संशोधन लेखाइतकी धरावी. ती मराठीत असली तरी चालावी, म्हणजे मालकांना आणि स्टोअरकीपरलाही ती वाचून चूक दाखवता येईल. पुण्यातल्या उद्योजकांच्या मराठा चेंबर या संस्थेने आपल्या सभासद कारखान्यांची दारे यासाठी उघडून दिली तर काम पुष्कळ सोपे होईल. आणि शिक्षकाला दर पाच वर्षांनी एक सेमिस्टर पूर्ण पगारी मोकळे द्यावे, कारण आठवड्याचे तास सांभाळून शॉप फ्लोअरवर बसता येत नाही.

– एक प्राध्यापिका, पिंपरी-चिंचवड