झाड परत कर, पण तू ये

प्रिय ॲलन,

काल तू चिडून फोन ठेवलास, नंतर तुझा आला तो मी उचलला नाही, म्हणून आज सगळं टाईप करतोय. लांब झालं तर होऊ दे, जेवण झाल्यावर सावकाश वाच.

नाताळच्या झाडाचा बॉक्स परवा आला. उघडला नाहीये. मम्मीने कपाटामागे उभा करून ठेवलाय, बेबीला हातसुद्धा लावू देत नाही. सहा फुटी झाड, माळा, ते चकचकीत गोळे, सगळं छानच असणार, नाही कोण म्हणतंय. पण पगार अडकलाय असं तूच मम्मीला सांगितलंस, मग हे आलं कुठून? बेबी म्हणते दादाने हप्त्यावर घेतलंय. कुठल्या ॲपवरून घेतलंस, व्याज किती, ते मी विचारणार नाही, तसं मम्मीला कबूल केलंय.

तू म्हणालास आळीत सगळ्यांकडे रेडिमेड आलंय, आपलंच घर बोडकं नको दिसायला. अरे, आपलं घर कधी बोडकं दिसलंय? २०१८ आठव. जुलैत वसईत पाणी भरलं, लोकल बंद, लाईट नाही, आपल्या ओटीवर गुडघाभर पाणी. आजीच्या नाताळच्या गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या मूर्ती खालच्या फळीवर होत्या, प्लास्टर फुगून भुगा झाला. डिसेंबरात नव्या घ्यायला पैसे कुठले, सगळे पंप आणि फ्रिजच्या दुरुस्तीत गेलेले. तेव्हा तू विहिरीमागची चिकणमाती आणलीस, खडे वेचलेस, आणि मागच्या पडवीत बसून एकेक मूर्ती केलीस. मरियेच्या डोक्यावरच्या पदराला घडी पाडायला तू अंगठा दाबला होतास, त्याच्या रेषा अजून तिथे दिसतात, उजेडात धरलं की नीट दिसतात. गाढवाचा कान सुकताना तडकला तो फेव्हिकॉलने बसवलास, जोडावर गेरू फासलास. फादर गोठे बघत फिरत होते ते आपल्याकडे गाढवापाशीच थांबले, कोणी केलं विचारलं, आणि तू पंपाच्या खोलीत जाऊन लपलास. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो, छाती भरून आली होती.

त्या मूर्ती आहेत. कालच काढून पुसल्या.

रविवारी चर्चमध्ये नाताळआधीची गुलाबी मेणबत्ती पेटवली तेव्हा फादर प्रवचनात सांगत होते, संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चोला पहिला गोठा केला तेव्हा मूर्ती नव्हत्याच, खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण, बस. ऐकताना मला तूच आठवत होतास, आणि ते हप्त्याचं पण आठवत होतं, मिस्सेत लक्ष लागलं नाही.

बरं, तयारी कुठवर आली ते सांगतो. करवंट्यांत गहू पेरलेत, दोन दिवस अंधारात ठेवून मग खिडकीत आणले, गोठ्यापुढे हिरवंगार होईल. सिमेंटच्या पिशवीचे कागद चुरगळून ठेवलेत डोंगराला. पेंढा पास्कूकाकाने दिलाय. झाडासाठी कळंबच्या किनाऱ्यावर वाऱ्याने पडलेली सुरूची फांदी मिळाली, ओल्या वाळूच्या बादलीत उभी केलीय. बेबीने जुन्या लग्नपत्रिका कापून त्याच्या चांदण्या केल्यात, सोनेरी बाजू बाहेर. मम्मी करंज्या आणि तळायच्या फुग्यांचं बघतेय.

फक्त मोठा स्टार बाकी आहे. बांबूच्या कामट्या तासून ठेवल्यात, दोन चांदण्या बांधून मधे टेकू घालायचे, खळीने पतंगाचा कागद चिकटवायचा, आत बल्ब. माझ्याने आता टोकं नीट बांधली जात नाहीत, सुतळी ओढताना बोटं थरथरतात, आणि बेबीला घाई. ते काम तुझंच. या वेळी आत ९ वॅटचा एलईडी घालू, रात्री सहा तास लावला आणि २४ पासून तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत ठेवला तरी पाऊण युनिट जळतं, जुना ६० वॅटचा पाच युनिट खायचा. सगळं धरून खर्च तीनशेच्या आत. हे तुला हिशोब शिकवायला सांगत नाहीये, तू माझ्यापेक्षा जास्त शिकलायस. पण तीनशेत घर सजतंय तर माणूस व्याज कशाला भरेल? आणि कोणाला दाखवायला? आळीतल्यांना? ते दोन मिनिटं बघतात, करंजी खातात, पुढच्या घरी जातात, हप्ता मात्र तुझ्या मानेवर बसून राहतो, पगार नसताना तो कसा

परत लेक्चर चालू झालं. सॉरी बेटा. मम्मी मला म्हणते, 'तुला त्याच्याशी दोन शब्द गोड बोलता येत नाहीत.' तू घराचा विचार केलास, पगार नसताना केलास, ते मला कळतं रे. कळतं म्हणूनच झोप येत नाही.

एक मात्र सांगतोच. पतपेढीतल्या मॅनेजरला सहज विचारलं, तुझं नाव न घेता. तो म्हणाला रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे, ॲपवरून कर्ज घेतलं तर सुरुवातीची ठरलेली मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि झालेल्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, दंड लागत नाही. तुझी मुदत किती ते बघ. बॉक्सवर रिटर्नची तारीख आहे, अजून वेळ आहे, तू हो म्हणालास की बेबी उद्याच परत पाठवेल. मुद्दलात कमी पडत असेल तर केळीचे पैसे आलेत, ते घे. मला सांगायला लाज वाटत असेल तर मम्मीला सांग, पण सांग. आणि जेवतोस ना वेळेवर?

आणि रिकाम्या हाताने कसा येऊ असलं काही मनात आणू नकोस. आजीने काल तुझ्यासाठी वरची खाट झाडून घेतली, मी काही बोललो नव्हतो तिला. दादरला उतरून विरार लोकल पकड, रात्र झाली तर मी स्टेशनवर येतो गाडी घेऊन. २२ ला आलास तर स्टार दोन संध्याकाळीत होईल.

तुझा डॅडी

ता. क. लाल पतंगाचा कागद आपल्या नाक्यावर संपलाय. तिकडे मिळाला तर सहा ताव आण, गुंडाळी करून, घडी नको. पैसे मी देणार, तुझे घालू नकोस.