विहिरीतला खोत विहिरीतच राहू दे

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

परवा फोनवर आपल्या विहिरीतल्या कासवाचा विषय काढून बाबा एकदम म्हणाले, "तळं करतेसच तर मी खोताला बादलीतून घेऊन येतो," आणि मी गप्प झाले. रेंज गेली असं तुम्हाला वाटलं असेल. रेंज होती. काय बोलावं ते सुचेना. फोनवर मी भराभर बोलत सुटते, आई नुसतं "हो हो" म्हणते, आणि फोन ठेवल्यावर तुम्ही दोघं माजघरात काय बोलता ते मला इथे तळेगावात बसून ऐकू येतं. म्हणून पत्र. आई, तू वाचून दाखव. बाबांच्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली असणार.

आधी तळ्याचं सांगते, ते सोपं आहे.

काम सुरू झालंय. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, गाड्या लावायला मोकळा ठेवलेला तुकडा होता ना, तिथेच. लांबी २० फूट, रुंदी १२ फूट, मधोमध खोली साडेतीन फूट. आपल्याकडे जांभा कसा टिकावाखाली वडीसारखा निघतो, तसं इथे नाही. वरची वीतभर काळी माती संपली की मुरूम, आणि दोन फुटांवर टिकाव ठणकन वाजायला लागतो. बोळातून जेसीबी आत येईना. चार माणसं पाच दिवस खणतायत. उरलेली खोली वर बांध घालून काढायची असं मिस्त्री म्हणाला आणि मला ते आवडलं, कारण बांध दीड फूट उंच झाला की त्यावर बसता येतं. आईच्या गुडघ्याला दीड फूट बरोबर पडतो. मी आपल्या पडवीतल्या बाकाची उंची आठवून सांगितलीय.

बाबा, पाणी जिरेल असं तुम्ही म्हणालात. आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद घालतेय. दोन्ही बाजूंना खोली मोजून वर फूट-फूट दाबायला धरलं तर २९ बाय २१ फुटांचा लागतो. त्याच्याखाली खडे वेचून बारीक वाळू, आणि वाळूवर मांडववाल्याकडचं जुनं हिरवं कारपेट, म्हणजे मुरमाचं टोक कागदाला लागणार नाही. कडेने फूटभर खोलीची पायरी ठेवलीय, मध्येच खोल. सरासरी अडीच फूट धरलं तर साधारण १७ हजार लिटर पाणी झालं. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या असतात ना हजाराच्या, तशा सतरा.

उंबराच्या सावलीत का नाही केलं, असं आता विचाराल. कमळाला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. शिवाय उंबराची पानं-फळं पाण्यात कुजत बसणार आणि मुळं कागद शोधत येणार.

मृग लागायच्या आत कागद अंथरून होईल. पहिल्या पावसाचं छपराचं पाणी सोडून द्यायचं, मग पन्हळीचं सगळं तळ्यात. लगेच मासे सोडायचे नाहीत, हे बाबांना नीट वाचून दाखव. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो खाऊन संपवणारे जिवाणू गाळणीतल्या दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजणासारखंच आहे. माझ्या मैत्रिणीच्या जुन्या तळ्यातले पसाभर दगड आणून आपल्या पिंपात टाकणार आहे, ते विरजण. गाळणी म्हणजे दोन निळी पिंपं, दुसरं काही नाही. पंप शंभर वॅटचा, रात्रंदिवस चालला तरी दिवसाला अडीच युनिट. करंट उतरला तर आपोआप बंद पडणारा स्विच लावलाय. बिलाची काळजी बाबांनी करू नये, ती तुमचा जावई करतो आणि मोठ्याने करतो.

मध्ये पाणी हिरवं होईल. होऊ दे. कमळाची पानं वाढून निम्मं पाणी झाकलं की आपोआप निवळतं. बाबा, तुम्ही आल्यावर हिरवं पाणी बघून सगळं उपसून नवीन भरायला घ्याल, मी तुम्हाला ओळखते. उपसायचं नाही. उपसलं की विरजण गेलं.

मासे छोटे. डासांची अंडी-अळ्या खायला गप्पी, आणि थोडे रंगीत. रोहू-कटला नकोत, ते बघता बघता हातभर होतात आणि मग तुमची नजर बदलते. हे मासे कालवणाचे नाहीत, आई. तुझ्या नातीने त्यांना आधीच नावं ठेवलीयत, मासे यायच्या आत. ढोकरी आणि खंड्या येणारच, दोन-चार मासे त्यांचे. बेडकांमागे एखादा विरोळा आला तर आरडाओरडा करायचा नाही, तो बिनविषारी असतो हे मला तूच शिकवलंस, आणि शिकवताना स्वतः चुलीवर चढून बसली होतीस.

आता तुमचं.

गणपतीनंतर तुम्ही दोघांनी इकडे यायचं, हे मी आणि भाऊने आधी आपसात ठरवलं आणि मग तुम्हाला सांगितलं. ते चुकलं. भाऊने दुबईहून फोनवर जसं सांगितलं, तसं तर मुळीच सांगायला नको होतं. पण मी ठरवलेलं बदलत नाहीये, हेही लिहूनच टाकते. फेब्रुवारीत बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले ते मला नवव्या दिवशी कळलं, आणि तेही शेजारच्या वहिनींकडून, नारळ पाठवायचा फोन आला तेव्हा. नऊ दिवस तू मला रोज "सगळं ठीक" म्हणत होतीस. मी चिडले तेव्हा तू म्हणालीस, तुला उगाच कशाला त्रास. आई, त्या नऊ दिवसांत मी एका लग्नात नाचले होते.

चिपळूणपर्यंतचे जवळजवळ ४५ किलोमीटर मला रात्री मोजता येतात, वळणासकट. २०२१च्या जुलैत पूर आला तेव्हा चिपळूणच पाण्यात होतं, आणि बाबांच्या गोळ्या अर्ध्या करून पुरवल्या होत्या तुम्ही. तेही मला पुढे दिवाळीत कळलं. इथे दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. मला ऑफिसातून निघून तुमच्यापर्यंत पोचायला पाऊण तास. बाकी सगळी कारणं मी भाऊला दोन पानं भरून लिहिली होती, पण खरं कारण हे पाऊण तासाचंच आहे.

तुमची खोली खालची. जिना नाही. बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे बसवलेत, फरशी खरबरीत घेतलीय, तिचा रंग आईला आवडणार नाही पण पाय घसरणार नाही. पलंगाचे पाय चार इंच कापून आणले, बाबांचे पाय लोंबकळायला नकोत. देव पूर्वेच्या कोनाड्यात. उकड्या तांदळाची पन्नास किलोची गोण येताना टेम्पोतच आणू, कुळीथही. पाटा-वरवंटा आणायचा की नाही ते आईने ठरवावं, मी त्यात पडत नाही. ताज्या बांगड्याबद्दल मात्र खोटं बोलत नाही. इथे बर्फातला मिळतो. भाऊ म्हणतो सांगून टाक चांगला मिळतो म्हणून, पण पहिल्याच घासाला बाबा ताट सरकवतील, त्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं.

खिडकी उघडली की समोर तळं. पंपाचं पाणी जांभ्याच्या दगडावरून पडेल असं केलंय, म्हणजे पहाटे आवाज येत राहील. पाटाचं पाणी आगरात सोडल्यावर यायचा तसा येईल असं नाही म्हणत. पण नुसती शांतता तुम्हाला झोपू देणार नाही, हे मला पक्कं माहितीय, कारण पुण्यात हॉस्टेलवर पहिला महिना मी जागून काढलाय.

आणि आता खोत.

बाबा, त्याला आणता येणार नाही. एक तर कायदा. आपल्या विहिरीतलं मऊ पाठीचं कासव, मागचे पाय आत घेतले की खालून झडपा लावून घेणारं, ते १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पकडून बादलीत घालून २०० किलोमीटरच्या वर न्यायचं आणि अंगणातल्या तळ्यात ठेवायचं, हा सरळ गुन्हा. नातीला मॉलमधलं डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रुपयाएवढं कासव हवं होतं, त्यालाही मी नाही म्हटलं. ते अमेरिकेकडचं. विकताना नाण्याएवढं असतं, पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि कंटाळलेली माणसं मग ते कुठल्यातरी देवळाच्या तळ्यात सोडून येतात. तिथल्या आपल्या कासवांच्या मुळावर. शिवाय कुठलंही कासव तळ्यात आलं की कमळाचे कोंब आणि छोटे मासे दोन्ही साफ. सगळं वाचून झालंय माझं.

पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. तुम्हाला आठवतं, मी तिसरीत असताना मे महिन्यात विहीर उपसली होती? गाळ काढेपर्यंत खोताला तांब्याच्या घंगाळात ठेवलं होतं, न्हाणीघरात, वर पाट झाकून. रात्रभर तो तांबं खरवडत होता. खर्र, मग थांबायचा, मग पुन्हा खर्र. मी उठून दोनदा पाट बाजूला केला, कंदिलाच्या उजेडात त्याची मान लांब झालेली, नळीसारखं नाक वर, घंगाळाच्या कडेला नखं लावून तो परत परत घसरत होता. दुसऱ्या रात्री तुम्हीच उठलात, बाबा. झऱ्याला अजून गुडघाभरच पाणी होतं. आई म्हणाली, सकाळी सोडा की. तुम्ही त्याला पंच्यात गुंडाळून अंधारात पायऱ्या उतरलात आणि मी वरून बॅटरी धरली. पाण्याला लागल्याबरोबर तो गाळात दिसेनासा झाला.

आता हे वाचताना आई थांबणार. चष्मा कपाळावर घेणार आणि म्हणणार, "म्हणजे कासवाला हलवायचं नाही, आणि आम्हाला मात्र हलवायचं?"

काल रात्री इथपर्यंत लिहून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. उत्तर सापडेल असं वाटलं होतं. कासवाला शुगर नसते, ते पायरीवरून पडत नाही, असलं काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मला उत्तर नाही गं. एवढंच करू शकते की घराला कुलूप म्हणून कुलूप लावायचं नाही. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, हे भाऊकडूनही लिहून घेतलंय. शिमग्याला जायचं. मे महिना पूर्ण तिकडे, मी पण रजा काढते. गणपती तर तिथेच, तो इकडे आणायचा विषय कोणी काढणार नाही. आणि शिमग्याला गेल्यावर तुम्ही म्हणालात की परत यायचं नाही, तर मी भांडेन, रडेन, पण टेम्पो घेऊन दारात उभी राहणार नाही. बास, याच्या पुढचं मला झेपत नाही.

बाबा, तुमच्या कामाचं सांगते. तळ्यातली कमळं कुंडीत लावायची आहेत, घमेल्यांत, जड काळ्या मातीत. शेणखत घातलं की ते वर तरंगतं, म्हणून नाही घालायचं, वरून खडीचा थर. ती लावायची मी तुमच्यासाठी थोडी ठेवतेय. माशांना रोज एकदाच खाणं, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. ते काम नातीकडून काढून तुमच्याकडे दिलंय, ती रुसलीय, तुम्ही समजूत घाला. इंद्रायणीवरून येताना जलपर्णीची निळी फुलं दिसतील. छान दिसतात म्हणून एकही काडी आणायची नाही. पोरीसाठी तळ्याला अडीच फुटी कुंपण आणि वर कडी आहे, ती कडी तुम्हीही लावायची.

तोपर्यंत विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. एकही नाही. शेवाळ घासायला मी माणूस सांगितलाय, शनिवारी येईल, त्याला चहा द्या आणि स्वतः खराटा घेऊन त्याच्याबरोबर उतरू नका. खोताला भात घालायचा तर वरून, कठड्याला धरून. तुम्ही इकडे आल्यावर वहिनींचा धाकटा रोज संध्याकाळी घालणार आहे, त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "काकांसारखी हाक मारली की येतो का वर?" मी म्हटलं, ते काकांना विचार. तुम्ही त्याला ती हाक शिकवून ठेवा. मला कधी जमली नाही.

तुमची,
बाय

ता. क. आई, मोरीमागचं काळ्या देठाचं अळू पावसाआधी काढू नकोस. गणपतीनंतर निघताना पाच-सहा कंद मातीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळ. तळ्याचं जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथे हात-दीड हात जागा तुझ्या अळूसाठी सोडलीय, मिस्त्रीला तिथे फरशी घालू दिली नाही.