समोरच्या वाड्याचा निर्णय निविदेपूर्वी स्वतंत्रपणे घेण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
नारायण पेठ, पुणे

महोदय,

स. न. वि. वि.

पुनर्विकासाचा सुधारित आराखडा गेल्या रविवारी आपण सूचना फलकावर लावला. रस्त्याच्या बाजूला जिथे आज आपला वाडा उभा आहे, तिथे त्या नकाशात ‘प्रवेश व वाहनतळ’ एवढेच लिहिलेले आहे. वाडा पाडावा असा ठराव आजवरच्या एकाही सभेत झालेला नाही, त्यावर चर्चाही झालेली नाही; तो फक्त नकाशात दाखवलेला नाही, आणि हाच नकाशा निविदेला जोडला गेला तर न बोलताच त्याचा निकाल लागलेला असेल. त्याआधी माझे म्हणणे समितीपुढे लेखी स्वरूपात यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. ‘अ’ इमारतीच्या जिन्याखालच्या कॉलमच्या सळया उघड्या पडल्या आहेत, लिफ्ट नसल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे दोन वृद्ध सभासद महिनोन् महिने खाली उतरलेले नाहीत, आणि मागच्या दोन्ही इमारती नव्याने बांधण्याच्या बाजूने मी स्वतः हात वर केला होता. माझे म्हणणे फक्त समोरच्या पाच खणांच्या दुमजली वाड्यापुरते आहे.

आपल्यापैकी बरेच सभासद गेल्या दहा-पंधरा वर्षांत येथे राहायला आले असल्यामुळे थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा हा वाडा दोन चौकांचा होता. मागच्या चौकाच्या भिंती भेंड्याच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या होत्या. पाणी ओसरेपर्यंत त्या विरघळून खाली बसल्या. पुढच्या भागाचे जोते घडीव दगडाचे, भिंती चुन्यातल्या भाजक्या विटांच्या आणि सगळा भार सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असल्यामुळे तो भाग जागचा हलला नाही. मोकळ्या झालेल्या मागच्या जागेवर १९७६ मध्ये आपली सोसायटी झाली आणि पुढचा भाग मालकांनी तिलाच देऊन टाकला. दिंडी दरवाज्यातून आत शिरताना उजव्या हाताच्या दगडावर पुराच्या पाण्याची रेषा छिन्नीने कोरलेली आहे. ती माझ्या खांद्याच्या वर येते. सोसायटीतल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी त्या रेषेला पाठ लावून आपली उंची मोजलेली आहे.

आता संरचनात्मक तपासणीच्या अहवालाबद्दल. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी, त्यानुसार समितीने ती वेळेवर करून घेतली हे योग्यच झाले. पण चव्वेचाळीस पानांच्या त्या अहवालात वाड्याच्या वाट्याला एक वाक्य आले आहे : ‘जुनी भारवाहक रचना, दुरुस्तीपलीकडे.’ अहवालातील चाचण्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक आणि कार्बोनेशनच्या आहेत. या तिन्ही काँक्रीटच्या चाचण्या आहेत, आणि वाड्यात काँक्रीट नाही. सागवानाची तपासणी वेगळी असते : ओलाव्याचे मोजमाप, ठोकून आवाज ऐकणे, बारीक गिरमिटाने छिद्र पाडून आतले लाकूड घट्ट आहे की भुगा झाला आहे ते पाहणे, आणि मुख्य म्हणजे तुळईची भिंतीत गेलेली टोके उघडून बघणे. यांपैकी एकही गोष्ट झालेली नाही. बांधकाम खात्यात आरेखक म्हणून मी एकतीस वर्षे नोकरी केली. पाहणी न करता लिहिलेला निष्कर्ष कसा दिसतो, हे मला ओळखता येते.

वाड्यात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. पूर्वेकडच्या भिंतीला टाकीच्या ओव्हरफ्लोचे पाणी कित्येक पावसाळे मुरत राहिले. चार वर्षांपूर्वी ज्या ठेकेदाराला त्या भिंतीच्या दुरुस्तीचे काम दिले, त्याने गळती बंद न करता चुन्याचा जुना गिलावा खरवडून त्यावर सिमेंटचे प्लास्टर चढवले. चुन्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडतो, सिमेंटने तो आतच कोंडला जातो. आज त्या प्लास्टरवर हाताने टकटक केले तर ते पोकळ वाजते. वाड्यातल्या वाचनालयाच्या कोपऱ्यातली तुळई भिंतीत शिरते तिथे दाभण बोटभर सहज आत जाते. त्या टोकापासून हातभर अलीकडे मात्र तेच दाभण टोकाएवढेसुद्धा रुतत नाही. म्हणजे कुजले आहे ते टोक. ते कापून त्या मापाचा जुन्या सागवानाचा तुकडा सांधता येतो, आणि हे काम करणारे सुतार आजही पुण्यात आहेत. बाकीचे खांब दगडी तळखड्यांवर कोरडे उभे आहेत. माडीचा कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचे लाकडी छत, दोन ठिकाणी झुकला आहे, तो कौले सरकून पाणी आल्यामुळे.

दर पावसाळ्यात पेठांमधले धोकादायक वाडे रिकामे करण्याच्या नोटिसा निघतात आणि कुठे ना कुठे भिंत कोसळल्याची बातमी येते, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच स्वतंत्र तपासणी होईपर्यंत माडीवरची अभ्यासिका बंद ठेवावी असे मी स्वतः सुचवत आहे. मुलांच्या जिवापुढे कोणतीही वास्तू मोठी नाही. पण त्यासाठी धोका नेमका कुठे आहे हे आधी कळले पाहिजे.

विश्रामबागवाडा आपल्या दारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याला मे १८७९ मध्ये आग लागली, आणि त्याच आगीत बुधवारवाडाही सापडला. विश्रामबागवाडा दुरुस्त झाला, त्याचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आजही लोक रस्त्यावर थांबून बघतात; बुधवारवाडा कसा होता हे आज बुधवार चौकात उभे राहून कुणालाही सांगता येणार नाही. आणि हे केवळ पेशव्यांच्या वास्तूंपुरते नाही. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू केली, त्या भिडेवाड्याची मूळ वास्तू वर्षानुवर्षे जीर्ण होत गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ती पाडावी लागली. तिथे स्मारक व्हायलाच हवे, पण ज्या जिन्यावरून त्या मुली वर गेल्या असतील तो आता कोणत्याही निधीतून उभा राहणार नाही.

आपला वाडा एवढ्या मोठ्या इतिहासाचा नाही. तो महापालिकेच्या वारसा यादीत नाही, शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरच्या प्रतिबंधित क्षेत्रातही येत नाही, त्यामुळे तो पाडण्यापासून कोणताही कायदा आपल्याला अडवणार नाही. निर्णय सर्वस्वी आपला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. चोवीस सभासदांच्या सोसायटीत ती तेरा मते होतात. ही तेरा मते नव्या घरांसाठी पडतील आणि पडायलाही हवीत, परंतु त्याच मतांत वाड्याचा निकाल गुंडाळला जाऊ नये. त्यासाठी वेगळा ठराव मांडला जावा आणि त्यावर वेगळे मतदान व्हावे, ही माझी मुख्य विनंती आहे.

त्या ठरावाआधी, जुन्या लाकडी व चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून वाड्याची तपासणी करून घ्यावी, त्याचे शुल्क दुरुस्ती निधीतून द्यावे, आणि महापालिकेच्या हेरिटेज कक्षाला पत्र पाठवून ही वास्तू वारसा यादीत घेता येईल का याची विचारणा करावी. यादीतल्या वास्तूवर न वापरता आलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडावर वापरता येणारा किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, मिळण्याची तरतूद नियमावलीत आहे. यादीत नाव लागले तर परवानग्या वाढतात, विकसक कचरतात, ही भीतीही खरी आहे, आणि त्यावर आपल्या वास्तुविशारदांनी सभेत स्पष्ट बोलावे असे मला वाटते.

वाडा ठेवला तर प्रत्येकाचे क्षेत्रफळ घटेल, असे जिन्यात बोलले जाते. चटई क्षेत्र, म्हणजे परवानगी असलेले एकूण बांधकाम, संपूर्ण भूखंडावर मोजले जाते; वाडा राहिला तर त्यातून त्याचे स्वतःचे बांधीव क्षेत्र वजा होईल. मी टेप लावून मोजले तेव्हा दोन्ही मजले मिळून ते सुमारे १९० चौरस मीटर भरले. चोवीस घरांत वाटले तर ते घरटी आठ चौरस मीटरांहून थोडे कमी होते. हा आकडा लहान नाही, आणि ज्यांना वाढत्या कुटुंबासाठी एक खोली हवी आहे त्यांनी त्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणणार नाही. पण नव्या योजनेत सोसायटीचे कार्यालय, सभागृह आणि वाचनालय यांना कुठे तरी जागा द्यावीच लागणार आहे, आणि ती जागा वाड्यात आज तयार आहे. वाहनतळाच्या रॅम्पसाठी पूर्वेकडचा बोळ वापरता येईल, कारण पाण्याचा टँकर आजही तिथूनच आत येतो. त्याचे मापासह रेखाचित्र सोबत जोडले आहे, त्यात चुका असतील तर वास्तुविशारदांनी जरूर दाखवाव्यात.

समितीच्या सदस्यांनी ठरावापूर्वी एकदा वाडा आतून बघावा. वाड्याच्या वरच्या माळ्याची किल्ली माझ्याकडे आहे. वर दिवा नसल्यामुळे सकाळी दहाच्या आत यावे. त्या वेळी पूर्वेच्या झरोक्यातून ऊन थेट तुळयांवर पडते आणि कुठले लाकूड कोरडे आहे, कुठले काळे पडले आहे, ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. कळावे.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. ब-७ च्या सभासद

सोबत : वाड्याचे मोजमाप व रॅम्पचे रेखाचित्र, दोन पाने