बाबा, यंदा उचल घेऊ नका

पुणे, १२ जुलै

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "माझ्याच्यानं बाग राखणं झालं नाही." लगेच फोन आईकडे गेला. तिनं लावणीचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, पण माझं लक्ष त्या एका वाक्यातच अडकलं. तोंडानं बोलायला गेले असते तर रडले असते, म्हणून लिहिते.

बाबा, तुमची राखण कुठेही कमी पडलेली नाही. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा वाघोटन खाडीवरच्या आपल्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, गवताखेरीज काही नव्हतं. तुम्ही सुरुंग लावून कातळ फोडलात, मळ्यातली माती डोक्यावरून वर नेलीत. आईनं तीन उन्हाळे हंड्यानं पाणी घालून हापूसची एकशेवीस कलमं जगवली. मला कळू लागलं तोवर एप्रिलात पडवीत पाय ठेवायला जागा नसे. पेंढा, खोके, खिळे, आणि आतल्या खोलीत पिकत घातलेल्या आंब्यांच्या अढीचा वास. झेल्यानं, त्या काठीच्या जाळीनं, आंबा उतरवताना देठ कसा राखायचा, चीक फळावर कसा सांडू द्यायचा नाही, हे तुम्ही मला सातव्या वर्षी शिकवलंत. रात्री पेट्या वाशीच्या बाजारात जायच्या. माझं कॉलेज त्या पेट्यांवर झालं, हे मी कधी तोंडावर बोलले नाही.

हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड. ते दर वर्षी धरावं म्हणून सगळं खोरं पावसाळ्यात बुंध्याभोवती मोहोर आणणारं संजीवक ओतू लागलं, तसे आपणही. पहिली काही वर्षं मोहोर असा आला की पान दिसेना. पण तेवढं ओझं वाहणाऱ्या झाडाला तेवढं शेणखत आणि तेवढी छाटणी मिळाली नाही. फांद्या एकमेकींत शिरल्या, आत ऊन पोचेनासं झालं. तुम्हाला हे दिसत नव्हतं असं नाही. डोक्यावर दलालाची उचल, फळाआधीच घेतलेले पैसे, असताना झाडाला एक वर्ष सोडायचं कुणाला परवडतं?

आणि हवा तुमच्या हातात कधी होती? पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. थंडी उशिरा आली की पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कणीएवढी फळं गळतात. मार्चच्या उन्हात कैरी भाजते. कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात सहा फवारण्या आहेत. गेल्या हंगामात आपण अकरा केल्या, आईच्या वहीत तारखा आहेत, तरी फुलकिडे मोहोर खाऊन गेले. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपनं आपला आंबा थांबवला तेव्हाही तुम्ही एवढे खचला नव्हतात, कारण झाडावर फळ होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं त्या दिवशी मात्र तुम्ही जेवला नाहीत. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तुम्ही बातमीचं कात्रण देवघराशेजारी लावलंत. ते अजून तिथेच आहे. मला ते पाहून अभिमानही वाटतो आणि पोटात तुटतंही.

माझं मागणं एवढंच आहे. यंदा उचल घेऊ नका. औषधांच्या दुकानाची मागची बाकी मी आणि दादा भरतो, आमचं बोलणं झालंय. संजीवक या वर्षी कुठल्याच झाडाला नको. पाऊस संपला की विहिरीकडची वीस झाडं मधून छाटून घेऊ, घावांना बोर्डोपेस्ट, मोरचूद-चुन्याचा लेप, लावू. दोन-तीन वर्षं त्यांच्यावर फळ दिसणार नाही, तेवढ्यापुरती तूट आम्ही सोसू. बाकीची झाडं जेवढं आपसूक देतील तेवढं घरून, ओळखीत विकू. आणि फवारणीची नळी तुम्ही स्वतः धरायची नाही. दुसऱ्या दिवशी तुमचे डोळे कसे होतात ते आई मला सांगते, तुम्ही सांगत नाही.

बाग कराराने देऊन टाका, असं मी म्हणत नाहीये. गणपतीला चार दिवस आधी येते, तेव्हा सड्यावर जाऊन कुठली वीस झाडं ते तुम्हीच दाखवा.

आई, हे पत्र त्यांना दुपारी जेवण झाल्यावर दे. सकाळी ते वर जायच्या घाईत असतात.

तुमची,
बाय