ताटातून काढलेले परत कधी देणार?

कोथरूड, पुणे

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा मिळाला आणि तो मी सावकाश वाचला. अन्नाच्या अ‍ॅलर्जीमुळे मुलांच्या अन्ननलिकेला आणि आतड्यांना जी दीर्घकाळ सूज राहते, तिचा शोध पुण्यातील मुलांमध्ये घ्यायचा, संशयित पदार्थ आहारातून काढायचे, आणि मग पुन्हा दुर्बिणीने तपासणी करून तिथून काढलेल्या तुकड्यातील इओसिनोफिल पेशी (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजायच्या, ही मांडणी मला पटली. पेशींचा भाग तुझा आहे, त्यावर मी बोलणार नाही. मुलाच्या ताटातून काय काढायचे हे ठरवणाऱ्या परिच्छेदावर मात्र मला हरकत घ्यायची आहे, आणि ती तुझी आई म्हणून नव्हे, तर या शहरातील घरांना पथ्ये लिहून देण्यात जिचे आयुष्य गेले अशी आहारतज्ज्ञ म्हणून.

तू दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाण्यांसह सुकामेवा आणि मासे असे सहाही गट पहिल्याच दिवशी बंद करणार आहेस. ही यादी अमेरिकेतील मुलांच्या खाण्यावरून तयार झाली. आपल्याकडे कित्येक घरांत अंडी आणि मासे मुळात शिजतच नाहीत, त्यामुळे ते बंद करण्यात कोणाला काही वाटणार नाही. परंतु दूध, पोळी आणि शेंगदाण्याचे कूट एकदम काढले तर त्या घरातला स्वयंपाकच थांबतो. कूट हा आपल्याला पदार्थ वाटतच नाही. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, पालेभाजी, सगळीकडे ते असते, आणि 'मुलाला शेंगदाणे देता का' या प्रश्नाला आई प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देते. आधीच गिळायला त्रास होणारे, वजन न वाढणारे मूल भात आणि ज्वारीच्या भाकरीवर आठ आठवडे काढणार, हे कागदावर सोपे दिसते. त्यातून हरभऱ्याच्या डाळीची अ‍ॅलर्जी भारतात नोंदवली गेलेली असताना ती तुझ्या यादीत नाही, हेही मला खटकले.

माझे म्हणणे असे आहे की सुरुवात एकट्या दुधापासून कर. २०१८ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी आधी दूध आणि गहू, न जमल्यास चार, आणि तरीही न जमल्यास सहा पदार्थ, अशी चढती पद्धत प्रसिद्ध केली; त्यात केवळ पहिल्या पायरीवर ४३ टक्के रुग्णांची सूज उतरली होती. २०२३ मध्ये अमेरिकेतील प्रौढांवरच्या चाचणीत फक्त दूध बंद केलेल्यांपैकी ३४ टक्के आणि सहाही गट बंद केलेल्यांपैकी ४० टक्के रुग्णांची सूज उतरली, म्हणजे पाच गट जास्त सोडून पदरात फारसे काही पडले नाही. प्रौढांचे आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत कमीत कमी काढण्याचे कारण उलट अधिकच मोठे असते.

दूध काढणेही आपल्याकडे वाटते तितके सरळ नाही. गाईचे सोसत नाही म्हणून म्हशीचे, म्हशीचे नाही तर शेळीचे, असा सल्ला आजही मोठ्या विश्वासाने दिला जातो, आणि तिन्हींतील प्रथिने इतकी सारखी आहेत की बहुतेक मुलांना त्याचा काहीच उपयोग होत नाही. दुसरा गोंधळ दुधातील साखर न पचण्याचा. तो पाचकरसाच्या कमतरतेचा प्रश्न आहे, अ‍ॅलर्जीचा नव्हे, आणि त्यासाठी दिलेले दही या मुलांना चालणार नाही. घरी कढवलेल्या तुपाची बेरी साखर घालून मुलांना देतात, तिच्यात दुधाची प्रथिने भरपूर असतात. बेरीबद्दल कोणताही तयार तक्ता विचारत नाही, म्हणून मी तुझ्या आहारनोंदीच्या कागदावर कूट आणि बेरी यांचे स्वतंत्र रकाने वाढवले आहेत.

आता मुख्य मुद्दा. काढलेला पदार्थ परत कधी द्यायचा याविषयी तुझ्या आराखड्यात एकच ओळ आहे, आणि तीही 'आवश्यकतेनुसार' अशी. या विषयाचा सगळा इतिहास परत देण्यावर उभा आहे. दूध बंद केल्यावर लक्षणे गेली एवढ्यावर निदान करू नये, दूध पुन्हा देऊन ती परत यायला हवीत, तीही तीन वेळा, असा दंडक अमेरिकेतील डॉक्टर गोल्डमन यांनी १९६३ मध्ये घातला. पुढे १९७६ मध्ये चार्ल्स मे या अमेरिकी डॉक्टरांनी दम्याच्या मुलांना पदार्थ लपवून दिले, ते अशा रीतीने की कशात काय आहे हे मुलालाही माहीत नसावे आणि तपासणाऱ्यालाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील केली आणि सॅम्पसन या डॉक्टरांच्या गटाने ज्या दहा मुलांवर काम केले, त्यांच्या त्रासाला बराच काळ आम्लपित्ताचा विकार समजले गेले होते. नेहमीचे अन्न बंद करून प्रथिनांऐवजी सुटी अमिनो आम्ले (प्रथिने ज्यांची बनतात ते घटक) असलेले दुधासारखे तयार पेय दिल्यावर आठ मुलांचा त्रास पूर्ण थांबला आणि दोघांचा कमी झाला. पण ते काम टिकले याचे कारण त्यांनी नंतर एकेक पदार्थ परत दिला आणि लक्षणे परतताना पाहिली हे आहे. ही दुसरी अर्धी बाजू नसती तर तो केवळ योगायोग म्हणता आला असता.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या हातात पुष्कळदा रक्ततपासणीचा अहवाल असतो, त्यात लाल रंगात वांगे, मूग, तांदूळ, केळे अशी वीस नावे असतात, आणि मूल वर्षभर त्यातले काही खात नसते. कर्नाटकातील प्रौढांच्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, रक्तात अन्नपदार्थांविरुद्धची अशी प्रतिपिंडे (अ‍ॅलर्जीची खूण मानली जाणारी प्रथिने) २६.५ टक्के लोकांत आढळली आणि प्रत्यक्ष अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता होती १.२ टक्के लोकांत. शिवाय तुझ्या विकारात ही प्रतिपिंडे दोषी पदार्थ नेमका दाखवत नाहीत. तेव्हा त्या अहवालांवरून मुलांची निवड करू नकोस. तसेच जंतांमुळेही इओसिनोफिल वाढतात आणि आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे दीर्घकालीन सुजेच्या इतर आजारांसारखाच दिसतो, हे परदेशातील आराखड्यांत नसते. तुझ्या आराखड्यात असायला हवे. ते तुझे वरिष्ठ सांगतीलच.

म्हणून प्रत्येक मुलाच्या कागदावर, दूध बंद करण्याच्या तारखेशेजारीच, ते परत देण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली असू दे. ज्याला पूर्वी अंगावर गांधी उठणे किंवा धाप लागणे असा तत्काळ त्रास झाला असेल, त्याला पहिला घोट रुग्णालयातच दे, कारण दीर्घ खंडानंतर असा त्रास नव्याने उद्भवू शकतो.

लपवून देण्याचे काम मी अंगावर घेते. नाचणीच्या सत्त्वात साय काढलेल्या दुधाची पावडर घालून पाहिली. रंग नाचणी झाकते, वास वेलदोडा झाकतो, परंतु तुझ्या बाबांनी दोन वाट्यांतून दुधाची वाटी लगेच ओळखली, कारण ती दाट झाली होती. दुसऱ्या वाटीत थोडी तांदळाची पिठी घालून दोन्हींचा दाटपणा सारखा करता येईल असे दिसते. पुड्यांवर फक्त क आणि ख लिहीन, आणि कशात दूध आहे याची किल्ली मुलांना न तपासणाऱ्या माणसाकडे राहील. या पावडरीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पेलाभर दुधाइतकी प्रथिने द्यायला साधारण २० ग्रॅम पावडर लागेल आणि एका वाटीत ती लपणार नाही. तुला रोज किती ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवी आहेत ते नक्की करून कळव, म्हणजे एका वेळच्या वाटीत भागेल की दोन वेळा द्यावी लागेल हे ठरवता येईल.

तुझी आई